‘पैसे देऊन पेपर छापला तर कुणाचं काय बिघडतं’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, सिनिअर कॉलेजवाल्यांच्या आणि पीएचडी करणाऱ्यांच्या. त्यात थोडक्यात असं आहे: आयएसएसएन नंबर असला की जर्नल खरं, पैसे तर नेचरसारखं नावाजलेलं विज्ञानाचं जर्नलसुद्धा घेतं, रिव्ह्यू (छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांनी पेपर तपासणं) ही फॉर्मॅलिटी आहे, गाइडचं नाव टाकणं म्हणजे गुरुदक्षिणा, विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य जर्नल्सची केअर लिस्ट बंद झालीय त्यामुळे आता कुठेही छापा, सिस्टीमनेच आपल्याला भाग पाडलंय, आणि शेवटी, यात कुणाचंच नुकसान नाही. खाली ‘एकदम बरोबर सर’ची रांग. मी अठरा वर्षं भूगोल शिकवतोय, मुलं हे वाचून पैसे भरतात हे डोळ्यांनी बघतोय, म्हणून लिहितोय.

आधी आयएसएसएन. तो आठ आकडी ओळख नंबर आहे, बास. मासिकाला मिळतो, वार्षिकाला मिळतो, न्यूजलेटरलाही मिळतो. नंबर देणारे आत काय छापलंय ते तपासत नाहीत, ते त्यांचं कामच नाही. त्यामुळे ‘आयएसएसएन आहे’ यावरून लेख कुणी तपासला की नाही याबद्दल काहीही कळत नाही.

पैशांचं जरा नीट सांगायला हवं कारण हा मुद्दा अर्धा खरा आहे. नेचरने २०२१ पासून ओपन ॲक्सेससाठी, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून, लेखकाला ९,५०० युरो लावले, आणि ते मला अन्यायाचंच वाटतं, आपल्या तालुक्याच्या कॉलेजातल्या माणसाने ते कुठून आणायचे? पण तिथे पैसे न भरता सबस्क्रिप्शनच्या वाटेने (पैसे वाचणाऱ्याने भरायचे) छापायची सोय आहे, आणि पेपर घ्यायचा की नाही हे भरलेल्या रकमेवर ठरत नाही, बहुतेक पेपर परतच येतात. दुसऱ्या बाजूला हैदराबादची ओमिक्स ही जर्नल्स छापणारी कंपनी बघा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये तिच्यावर केस केली, आरोप असे की रिव्ह्यू होतो म्हणून खोटं सांगितलं, न विचारता लोकांची नावं संपादक म्हणून टाकली, आणि फी किती ते पेपर स्वीकारल्यावर कळवलं. २०१९ मध्ये तिथल्या कोर्टाने ५ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायला सांगितली. दोन्हीकडे पैसे घेतात म्हणून दोन्ही सारखे कसे होतील? आणि लेखकाकडून काही न घेणारी जर्नल्स आपल्याकडेच आहेत, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची आहेत ना. वेळ लागतो तिथे, हे खरं.

रिव्ह्यू फॉर्मॅलिटी आहे म्हणता, तर २०१३ मध्ये सायन्स मासिकासाठी जॉन बोहानन नावाच्या पत्रकाराने काय केलं ते वाचा. कॅन्सरच्या औषधावरचा एक बनावट पेपर, ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला, ३०४ ओपन ॲक्सेस जर्नल्सना पाठवला आणि १५७ नी तो स्वीकारला. आपल्या देशातल्या ६४ जर्नल्सनी घेतला, नाकारला फक्त १५ नी. नीट वाचणाऱ्या काही रिव्ह्यूवरना मात्र चुका दिसल्या. माझंच सांगतो, मी १९९१ आणि २००१ च्या जनगणनेचे तालुकावार आकडे थेट शेजारी ठेवून वाढीचा दर काढला होता, मधल्या काळात नवे तालुके झाले, हद्दी बदलल्या हे माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि रिव्ह्यूवरने चार पानं भरून आक्षेप पाठवले. आठवडाभर राग आला. पण तो पेपर तसाच छापला असता तर पुढे कुणीतरी माझे चुकीचे दर उचलून वापरले असते.

चांगल्या जर्नलमध्येही खोटं छापून येतं, येतंच. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने १९९८ मध्ये वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, १२ मुलांवरचा पेपर छापला, मागे घ्यायला २०१० उजाडलं, फार उशीर झाला. पण मागे घेतला, उघडपणे. पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्याकडे चूक सांगायला गेलात तर ऐकून घ्यायला कुणी असतं का?

गुरुदक्षिणेचा मुद्दा वाचून खरंच वाईट वाटलं. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांची आयसीएमजेई म्हणून समिती आहे, तिच्या लेखक ठरवायच्या चार अटी आहेत: कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात वाटा, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि चौथी, जी २०१३ मध्ये आली, कामाबद्दल जाब द्यायची तयारी. ज्याने पेपर उघडून बघितला नाही तो जाब कसला देणार? गाइड म्हणून आपण स्वतः म्हणायला हवं की बाळा, माझं नाव आभारात टाक.

केअर लिस्टचं तर उलटंच आहे. यूजीसीने २०१७ मध्ये यादी काढली, त्यात विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सचा नमुना पुण्यात तपासला गेला तर ८८ टक्के निकृष्ट निघाली, मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नल्स काढून टाकावी लागली, मग २०१९ मध्ये केअर आली, ती २०२५ मध्ये थांबवली. थांबवताना सांगितलं की आता पारख संस्थांनी आणि शिक्षकांनी करायची. म्हणजे जबाबदारी आपल्याकडे आली, सूट कुणालाच दिली नाही.

सिस्टीमने भाग पाडलं हे मी मान्य करतो, २०१० च्या एपीआयने (शिक्षकांच्या बढतीसाठीची गुणपद्धत) पेपर मोजायला लावले तेव्हापासून हा बाजार वाढला. पण पीएचडीआधी पेपर छापायची यूजीसीची सक्ती २०२२ मध्ये गेली, तरी मुलांना ‘दोन पेपर टाका’ सांगतोय कोण? बऱ्याच ठिकाणी आपणच.

आणि कुणाचंच नुकसान नाही? माझ्याकडे एक मुलगी होती, कमवा आणि शिकामध्ये काम करून शिकलेली. ऊसतोड करणाऱ्या बायकांशी दोन हंगाम फडावर जाऊन बोलली, पहाटे चारला उठून, वहीत लिहून. कुणीतरी सांगितलं म्हणून एका कॉन्फरन्सच्या विशेषांकाला १,८०० रुपये भरले, पाच दिवसांत पेपर आला, नावाचं स्पेलिंग चुकलेलं. मला नंतर कळलं. आम्ही तेच काम वाढवून एका चांगल्या जर्नलला पाठवलं तर त्यांनी विचारलं, हे आधी छापलंय ना? आणि ते बरोबरच होतं, एकच पेपर दोनदा छापता येत नाही. पहिला मागे घ्या म्हणून तिने सहा मेल केले, फोन केले, उत्तर नाही. गेल्या वर्षी ती वेबसाइटच बंद झाली, दोन हंगामांचं काम आता कुठेच वाचायला मिळत नाही, तिच्याकडे उरलीय ती सर्टिफिकेटची पीडीएफ.