‘अपील करून काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना

घरातला माणूस कोर्टात दोषी ठरला की नातेवाइकांच्या ग्रुपवर हे हमखास फिरतं: ‘वरच्या कोर्टात जाऊन उपयोग नसतो. वकिलाला लाखो रुपये लागतात, मुदत गेली की दार बंद, आणि अपील केलं तर शिक्षा उलट वाढते.’ यावर विश्वास ठेवून लोक खरंच गप्प बसतात, याचा मला संताप येतो.

‘उपयोग नसतो.’ 2003 साली नाशिकमध्ये एका कुटुंबावर हल्ला होऊन पाच जणांचे खून झाले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांना जन्मठेप दिली, पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. पुनर्विलोकनाचे, म्हणजे कोर्टाने आपलाच निकाल पुन्हा तपासावा असे, अर्जही फेटाळले गेले. आता काय उरलं, असं कुणीही म्हटलं असतं. पुढे ते अर्ज नव्याने ऐकले गेले आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून या सहा जणांऐवजी दुसरीच चार माणसं ओळखली होती, आणि त्यांच्यावर खटलाच झाला नव्हता! राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेशही झाला. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. ती कुणी परत देणार नाही, पण अर्ज लावून धरले नसते तर ही माणसं फासावर गेली असती.

‘शिक्षा वाढते.’ आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. सरकारने शिक्षा वाढवून मागितली, किंवा उच्च न्यायालयाने स्वतःहून नोटीस काढली, तर वाढू शकते. पण तेव्हाही आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं. शिवाय तुम्ही गप्प बसलात म्हणून सरकारचं अपील थांबत नाही.

‘लाखो रुपये लागतात.’ कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे कायद्याची मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, मोफत वकील मिळतो. कैद्याला तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं. 1978 च्या होस्कोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की, निकालाची नक्कल कैद्याला विनामूल्य आणि लगेच मिळाली पाहिजे आणि तुरुंगाने तिची लेखी पोच घेतली पाहिजे. म्हणून भेटीला जाल तेव्हा आधी विचारा: नक्कल हातात आली का?

‘मुदत गेली की संपलं.’ उच्च न्यायालयात साधारण 60 दिवस, सत्र न्यायालयात 30. फाशी असेल तर उच्च न्यायालयातही 30च. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस यात धरत नाहीत. त्यानंतरही सबळ कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो. मात्र अपील दाखल झालं म्हणजे माणूस घरी येतो असं नाही. शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा, असा वेगळा अर्ज करावा लागतो. वकिलाला तो अपिलासोबतच द्यायला सांगा.