‘निघालोच, दहा मिनिटांत पोचतो!’ हे प्लंबरच्या तोंडून ऐकायचं असेल तर काय करायचं, ते सांगतो.

नळ ठिबकू लागला की पहिले सहा महिने काहीही करू नये. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला अवघे ८६,४०० थेंब; खाली बादली ठेवली की विषय मिटला. रात्री आवाजाने झोप मोडत असेल तर नळाच्या तोंडाला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक बादलीत सोडावं, थेंब सुतळीवरून गुपचूप उतरतात. मग घरातल्या प्रत्येकाने येता-जाता नळ आधीच्यापेक्षा जास्त जोर लावून बंद करायचा. आतला रबरी वॉशर आधी चेपतो, मग फाटतो, मग पितळ पितळावर घासून वॉशर जिथे टेकतो त्या बैठकीला खाच पडते, आणि किरकोळ वॉशरवर भागणारं काम अख्ख्या नळावर जातं. पाव फेऱ्यात बंद होणारा नवा नळ असेल तर त्यात वॉशर नसतोच, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात आणि बहुतेक वेळा त्यांच्यात टाकीतली रेती अडकलेली असते. तिथे जोर लावून काही साधत नाही. तरी सवय मोडू नये.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळा: स्वतः उघडून बघण्याचा. काम फार सोपं आहे, म्हणूनच धोक्याचं. बेसिनखालचा अँगल कॉक (छोटी चावी) किंवा डक्टमधली, म्हणजे पाइपांच्या बोळातली, चावी बंद करायची, नळ उघडा सोडून पाइपातलं उरलंसुरलं पाणी जाऊ द्यायचं, जाळीवर फडकं टाकायचं म्हणजे स्क्रू आत घरंगळत नाही, मूठ काढायची, क्रोमवर ओरखडे नकोत म्हणून पान्याला कापड गुंडाळून स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, सोडवायचा आणि तो खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात न्यायचा. दुकानदार दाते मोजतो आणि जोडीचा काढून देतो. अर्ध्या तासात नळ कोरडा. पण मग सुट्टीच्या दिवशी तुम्ही वाट कोणाची बघणार?

तेव्हा प्लंबर शोधू या. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे दहा वर्षं एकच माणूस येतो, त्याचा नंबर मागू नका. त्यात शोधाची मजा नाही. वॉचमनला विचारा. वॉचमनच्या ओळखीचा एक जण असतोच, तो रंगही देतो, फ्रिजही बघतो. फोनवर फक्त एवढंच सांगायचं, ‘नळ गळतोय.’ कुठला नळ, तोंडातून गळतोय की भिंतीत जिथे घुसतो तिथून, गरम की गार, किती जुना, यातलं काही नाही. फोटो तर मुळीच पाठवू नका. फोटो पाहिला तर तो लागणारं सामान घेऊन येईल आणि काम एका फेरीत होईल. मग ‘एकदा बघून जातो’ ही जी सुंदर पहिली फेरी असते, तिला तुम्ही मुकाल.

त्याची भाषाही शिकून घ्या. ‘निघालोच, दहा मिनिटांत पोचतो’ म्हणजे अजून आंघोळ व्हायची आहे. ‘रस्त्यातच आहे’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी नळ उघडून बसलोय. ‘जेवून येतो’ म्हणजे आज नाही. ‘पोराला पाठवतो’ म्हणजे गेल्या सोमवारी गावाहून आलेला पुतण्या. आणि ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकलं की टेन्शन घ्या. तुम्ही मात्र ऑफिसला सुट्टी टाकून घरी थांबायचं. सुट्टी टाकायची नसेल तर रविवार दुपार उत्तम, कारण हार्डवेअरची दुकानं बंद असतात. गणपतीच्या आदल्या दिवसाला तर तोड नाही: घरात पाहुणे, मोरीत भांडी आणि प्लंबर कोकणात.

आला की स्वागत करा. तो सोबत एक वाकडा पाइप पाना आणि एक फोन आणतो. स्टूल, बॅटरी, चिंधी, स्क्रू ड्रायव्हर, बादली आणि पाणी प्यायला तांब्या तुम्ही पुरवायचा. ‘काका, मेन चावी कुठे?’ असं त्याने विचारलं की एकमेकांकडे बघा. आपल्या घराची मुख्य चावी कुठे आहे हे माहीत नसणं हा सोसायटीतल्या माणसाचा मूलभूत अधिकार आहे. सापडलीच तर ती जुन्या पद्धतीचा गेट व्हॉल्व्ह निघेल. दहा वर्षं कुणी हात न लावल्यामुळे एक तर फिरणार नाही, नाही तर गोल गोल फिरेल आणि पाणी तसंच चालू राहील. दर सहा महिन्यांनी एकदा फिरवून ती मोकळी ठेवणारे लोक असतात. त्यांच्याकडे जाऊ नका, कंटाळवाणी माणसं.

चावी सापडली नाही तरी काम थांबत नाही. गच्चीवर जाऊन अख्ख्या विंगचं पाणी बंद करता येतं, त्यात निदान ओळखी वाढतात. किंवा चालू पाण्यातच नळ काढता येतो. याचा हिशेब सोपा आहे: पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब. तुमच्या डोक्यावर टाकीपर्यंत सात मजले असतील, मजला ३ मीटरचा धरला, तर दोन किलोच्या वर दाबाने ते पाणी समोरच्या भिंतीवर, गीझरच्या प्लगवर आणि प्लंबरच्या फोनवर येतं. टाकीखालीच, सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर जेमतेम ३-४ मीटरचा दाब, तिथे फवारा उडत नाही. तिथे तुम्हाला छतातून पाऊस पाडणारा मोठा शॉवर विकला जाईल. तो जरूर घ्या. श्रावणसरी नाही, पण पागोळ्या नक्की पडतील.

आता मुख्य कार्यक्रम. जुना नळ भिंतीतल्या एल्बोमध्ये (पाइपाच्या काटकोनी जोडात) आट्यांनी बसवलेला असतो, मध्ये बहुतेक पितळी एक्स्टेन्शन, म्हणजे लांबी वाढवणारा तुकडा. जुनं घर असेल तर आत जस्त चढवलेला लोखंडी (जीआय) पाइप, आटे गंजून एकजीव झालेले. तिथे हलका ठोका, थोडं गंज सोडवणारं तेल, दहा मिनिटं वाट, आणि मग सावकाश जोर असा मार्ग आहे. तो लांबचा पडतो. जवळचा मार्ग म्हणजे पान्याच्या दांड्यात पाइपाचा तुकडा घालून लांबी वाढवायची आणि लटकायचं. एक्स्टेन्शन भिंतीच्या आत मोडतं. अर्धा भाग हातात, अर्धा एल्बोत. नवं घर असेल तर आत सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा) एल्बो असतो, त्यात पितळी आट्यांची बांगडी बसवलेली असते. ती बांगडी प्लॅस्टिकमध्ये फिरते, एल्बोला केसाएवढी चीर जाते. ती लगेच दिसत नाही. दोन महिन्यांनी खालच्यांना दिसते.

नळ एवढ्यावर बचावलाच तर आट्यांतून पाणी झिरपू नये म्हणून गुंडाळायची टेफ्लॉन टेप आहे. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पहिला आटा मोकळा सोडून, ताणून, अर्ध्या इंची नळाला आपल्याकडच्या पातळ टेपचे दहा-बारा वेढे, ही झाली कारागिरी. उलट दिशेने गुंडाळली की नळ आत जाताना टेप बाहेर सोलवटत येते आणि जोडाभोवती पांढरी मिशी उगवते. ती मिशी दिसली की प्लंबरला ‘वा!’ म्हणा. आणखी बारकावा म्हणजे, नळ पक्का झाला पण तोंड अजून सरळ खाली आलेलं नाही, किंवा जरा पुढे गेलं. पुढे गेलेला नळ पाव फेरा मागे घेतला की आतली टेप फाटते आणि जोड झिरपतो. खरं तर काढून, जुनी टेप खरवडून, एक-दोन वेढे कमी-जास्त करून पुन्हा बसवायचा. तेवढा वेळ कोणाला आहे? मागे घ्यायचा, वरून पांढरं सिमेंट फासायचं, आणि ते ओल्यावरच. पाइपवर एम-सील लावायचं असेल तर तेही पाणी झिरपत असतानाच. कोरड्या पाइपवर ते चिकटतं, मग पुढच्या भेटीचं निमित्त काय?

एल्बो तुटला असेल तर टाइल फोडावी लागते. टाइल फोडण्याआधी ‘शिल्लक टाइल आहेत का?’ असं कोणी विचारत नाही, फोडून झाल्यावर विचारतात. तुमच्याकडे नसणारच, घर घेताना उरलेली पेटी तुम्ही भंगारात दिली. दुकानात ‘सेम टू सेम’ मिळते, ती उजेडात एक छटा पिवळी निघते. मग एकाच टाइलला वाईट दिसतं म्हणून पूर्ण पट्टी, पट्टीला वाईट दिसतं म्हणून पूर्ण भिंत. बाथरूमचं नूतनीकरण असंच होतं, ठरवून कोणी करत नाही.

भिंतीतला नवा पाइप जोडायला सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक पाइप चिकटवायचा द्रव, लागतं. पाइप काटकोनात कापून, कडेचा कीस काढून, पुसून, दोन्ही पृष्ठभागांना लावून, पाव फेरा देत आत दाबून अर्धा मिनिट धरायचं, आणि दाबाचं पाणी शक्यतो २४ तासांनी. नंतर हातपंपाने नेहमीच्या दीडपट दाब देऊन दाबमापकाचा काटा काही तास हलत नाही ना ते बघायचं, आणि मगच प्लास्टर. तुमच्याकडे मात्र दहाव्या मिनिटाला ‘चला ताई, सोडा पाणी’ होईल आणि अकराव्या मिनिटाला प्लास्टर. तुम्ही काटा मागू नका, संशयी दिसता. गीझरच्या लाइनला क्रीम रंगाच्या सीपीव्हीसीऐवजी पांढरा यूपीव्हीसी लावला तरी बोलू नका. तो गार पाण्याचा आहे हे गरम पाणीच त्याला समजावेल.

पैशांविषयी बोलणं असभ्य असतं. ‘किती होतील?’ विचारलंत की ‘तुम्हीच समजून द्या’ हे उत्तर येईल, आणि तुमच्या समजुतीवर त्याचा कधीच विश्वास बसणार नाही. माल वेगळा, मजुरी वेगळी, दुकानाचं बिल हातात, असली कटकट करू नका. माल त्यालाच आणू द्या. नवा नळ हातात घेऊन वजनही बघू नका. जुना पितळेचा होता, म्हणून तो ‘फेकून देतो’ म्हणत पिशवीत घालतो. पितळ कुठे फेकलं जातं ते प्रत्येक भंगारवाल्याला माहीत आहे. आगाऊ रक्कम सगळी द्या. शेवटचा चौथा हिस्सा काम तपासून झाल्यावर देणारे लोक शेवटचं काम करून घेतात, तुम्हाला ‘फक्त फिनिशिंग राहिलंय’ ही अवस्था अनुभवायची आहे. या अवस्थेत कमोड गॅलरीत असतो, त्यावर कुंडी छान बसते. जाताना तो छिन्नी-हातोडी तुमच्याकडे ठेवून जाईल. ही तो परत येण्याची खूण म्हणून धरू नका, त्याच्याकडे अशा चार घरी चार छिन्न्या आहेत.

मग खालचे शेजारी येतात. त्यांच्या छताला ओल, पोपडे, बशीएवढा तपकिरी डाग. इथे निदान करायचं म्हटलं तर अवघड नाही. तुमची मुख्य चावी रात्रभर बंद ठेवली आणि ठिबक थांबली तर दाबाची लाइन फुटली आहे. ठिबक फक्त आंघोळीनंतर वाढत असेल तर नहाणीचा ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी साठवून वास अडवणारा भाग, किंवा सांडपाण्याचा पाइप. नहाणीच्या तोंडाला बोळा घालून फरशीवर इंचभर पाणी साठवलं आणि २४ तासांत ते उतरून खाली डाग वाढला, तर वॉटरप्रूफिंग गेलं आहे. तीन चाचण्या, खर्च शून्य. हे काही करायचं नाही. प्लंबर डागाकडे खालून बघतो, बोटाने टकटक करतो आणि ‘सांधे भरून टाकू’ म्हणतो. टाइलचे सांधे पांढरे होतात, पाणी जिथून जायचं तिथून जातं. भांडण सोसायटीच्या सभेत न्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, घरातल्या नळ-संडासाची गळती सभासदाने आणि गच्चीची, बाहेरच्या सामाईक पाइपांची सोसायटीने दुरुस्त करायची असते, पण आधी डाग कशाचा हेच ठरलेलं नसल्यामुळे दोन सभा आरामात निघतात.

उन्हाळ्यात महिनाभर गावी जाऊन आलात आणि बाथरूममध्ये घाण वास सुटला, तर तेवढ्यावरही फरशी फोडून घेता येते. ट्रॅपमधलं दोन इंच पाणी आटलेलं असतं आणि एका तांब्याने काम भागतं, हे कोणाला सांगू नका.

चांगले प्लंबर नसतात असं नाही. ते फोनवर चार प्रश्न विचारतात, फोटो मागतात, येण्याचेच तीनशे रुपये होतील म्हणून आधी सांगतात, आणि ‘आज जमणार नाही, गुरुवारी साडेदहाला येतो’ असं तोंडावर म्हणतात. असा एक तुम्हाला मागे भेटला होता. नुसतं बघायचे तीनशे कसले, म्हणून तुम्हीच त्याला नको म्हणालात आणि वॉचमनकडे गेलात. ते अगदी योग्य केलंत.

फोनमध्ये नावं मात्र नीट साठवा: ‘प्लंबर’, ‘प्लंबर नवीन’, ‘प्लंबर वॉचमन’, ‘प्लंबर पुतण्या’ आणि ‘प्लंबर नको’. रात्री साडेअकराला फ्लशचा अँगल कॉक हातात येईल तेव्हा पहिले चौघे उचलणार नाहीत. पाचवा पहिल्याच रिंगला उचलेल.