बाराची सावली आणि चौथीचा वर्ग

शनिवारी सुनीता कट्ट्यावर आली तीच तापलेली. पालकांची तक्रार मुख्याध्यापकांकडे गेली होती: चौथीच्या मुलांना भर दुपारी मैदानात उभं कशाला करता?

"बरोबरच आहे त्यांचं," नंदू म्हणाला. त्याचा शिकवणीचा क्लास, त्यामुळे बाजू ठरलेलीच. "पोरांना स्कॉलरशिपची परीक्षा द्यायचीय. सावलीवर किती मार्क येणार?"

"अरे, जानेवारीचं ऊन ते! मीटरभर काठी रोवली, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण, माप घ्यायचं, वहीत लिहायचं. बारा वाजता सगळी ओरडली, हीच सगळ्यात लहान! पण सावली आखडतच राहिली, पार पाऊण वाजेपर्यंत. बाराच्या खुणेपेक्षा चारेक सेंटिमीटर कमी."

"घड्याळ पुढे असेल," बंड्या.

घड्याळ बरोबरच होतं. आपली वेळ मिर्झापूरजवळच्या 82.5 रेखांशाची. पुणं त्याच्या पश्चिमेला, अंशामागे 4 मिनिटं धरली तर सूर्य आपल्याकडे 35 मिनिटं उशिरा मध्यावर येतो. जानेवारीत वर आणखी दहाएक.

"मग हे फळ्यावर पाच मिनिटांत सांग की!" नंदू.

"बाराला सावली सगळ्यात लहान, हे सांगितलेलंच बाधलं ना! काही वह्यांत बाराचाच आकडा सगळ्यात छोटा, पुढचे खोडून वाढवलेले. आणि ही वर्गातली हुशार पोरं. दिसलं ते पुसलं, पाठ होतं ते लिहिलं. वर्गात बसून मला हे कळलं असतं?"

इथे मी सुनीताच्या बाजूचा. नुसतं बाहेर नेऊन विज्ञान येत नाही, हे नंदूचं कबूल. बहुतेक परिसरभेटी म्हणजे रांग, फोटो आणि चिवडा. पण मार्कांचं रडगाणं नको. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 पासून सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान हातानं करून शिकवलं, आणि परीक्षाही तशीच घेतली, पुस्तक उघडं ठेवून, प्रयोगासकट. 2002 मध्ये सरकारनं ते बंद केलं, ही गोष्ट वेगळी.

"काठीला ओळंबा लावला होतास?" बंड्यानं मध्येच विचारलं. बांधकामातला माणूस.

"नाही. नजरेनंच."

"मग पूर्वेला-पश्चिमेला कलली असेल तर तुझी पाऊणची वेळही सरकली." नंदू खूश. पण बंड्या पुढे म्हणाला, "सोमवारी ओळंबा देतो. पोरांनाच लावू दे."

"सोमवारी नको," सुनीता म्हणाली, "बारा ते एक मैदानावर पाचवीची पीटी असते."