फालतू अ‍ॅप काढायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

पोळ्याला गावी गेलो, तर मोठे बाबा बैलांचा साज बाजूला ठेवून फोन घेऊन ओट्यावर बसलेले. "पाय बरं बाबू, याच्यात काईच चालून नाई रायलं. वावरात उभा रायलो तरी लोकेशन येत नाई. पीक पाहणी कशी करू?" गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं, वावरात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर, आणि ई-पीक पाहणी, म्हणजे वावरात उभं राहून फोनवर करायची पिकाची सरकारी नोंद, राहिलेली. कालपर्यंत चालणारा फोन एका रात्रीत कसा बिघडला, ते विचारलं. त्यांनी गावच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला.

तो तुमच्याकडेही आला असेल. वर लाल अक्षरांत "सायबर सेलचा तातडीचा इशारा", खाली "फोन हँग होतो? बॅटरी उतरते? ही फालतू अ‍ॅप आजच काढा", मग सहा सूचना आणि शेवटी "दहा जणांना पाठवा". तालुक्याच्या तीन ग्रुपवर मी तो पाहिला. त्याखाली शिकलेली माणसं अंगठे दाखवतात, हात जोडतात. फोन उघडून एक सूचना तरी तपासावी, असं कोणालाच वाटलं नाही.

पहिली सूचना अशी: "गुगल प्ले सर्व्हिसेस आणि अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू ही हेरगिरीची अ‍ॅप आहेत, लगेच बंद करा." मोठ्या बाबांनी नेमकं हेच केलं होतं. प्ले सर्व्हिसेस दिसायला एक अ‍ॅप असलं तरी बाकीची कितीतरी अ‍ॅप त्याच्या जिवावर चालतात. लोकेशन त्याच्याकडून घेतात, नोटिफिकेशन त्याच्यामार्फत येतं, गुगल खात्याचं लॉगिन तेच सांभाळतं. ते बंद पडलं की पीक पाहणीला गट नंबरावर उभं राहूनही जागा सापडत नाही. बऱ्याच फोनवर बंद करायचं बटणच दाबता येत नाही, त्यांच्या फोनवर आलं. परत चालू करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यांचे मात्र चार दिवस आणि वावराच्या तीन फेऱ्या गेल्या होत्या.

वेबव्ह्यू म्हणजे दुसऱ्यांच्या आत वेबपान दाखवणारा फोनचा भाग. त्याच्याबद्दल एक अर्धसत्य आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. मार्च २०२१ मध्ये त्याच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर अनेकांच्या फोनवर अ‍ॅप उघडताच बंद पडत होती आणि तेव्हा ते अपडेट काढण्याचा उपाय लोक सांगत होते. नवं अपडेट लगेच आलं आणि विषय तिथेच मिटला. कोणीतरी तो जुना उपाय उचलून त्याला हेरगिरीचं लेबल लावलं आहे.

आता चौथी सूचना. खरं तर हिच्यासाठीच हे लिहायला बसलो. "सगळी नको असलेली अ‍ॅप एका झटक्यात काढण्यासाठी सोबतची फाईल टाका." मेसेजखाली ती फाईल होतीच: हिरव्या झाडूचं चित्र, नाव क्लीनर, शेवटी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये टाकायची फाईल. मोठ्या बाबांनी ती उतरवलीही होती. फोनने "अनोळखी ठिकाणाहून आलेल्या अ‍ॅपला परवानगी नाही" असं म्हणून अडवलं आणि पुढचं सेटिंग त्यांना सापडलं नाही, म्हणून वाचले. माझ्या हातात फोन देताना ते म्हणत होते, "हे तेवढं तू टाकून दे, मले नाई जमलं." अंगावर काटा आला.

जरा विचार करा. अँड्रॉइडमध्ये साध्या अ‍ॅपला दुसरं अ‍ॅप गुपचूप काढता येत नाही. प्रत्येक वेळी फोन तुम्हाला विचारतो, काढायचं का, आणि "ओके" तुम्हालाच दाबावं लागतं. मग हा झाडू "एका झटक्यात" सगळं काढणार कसा? एकतर तो काहीच करत नसणार. नाहीतर त्याने तुमच्याकडून इतका ताबा घेतलेला असणार की तुमच्या वतीने बटणं तोच दाबतोय. ॲक्सेसिबिलिटी नावाची परवानगी मागितली जाते ती याचसाठी. ती मिळाली की अ‍ॅपला पडद्यावरचं वाचता येतं आणि तुमच्या जागी बटणही दाबता येतं. सोबत एसएमएसची परवानगी दिलीत की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी दुसऱ्याकडे पोचतो. पीएम किसानच्या नावाने, वाहनाच्या चलनाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने अशाच एपीके फाईली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या आणि लोकांच्या खात्यातले पैसे गेले. या वेळी झाडूचं चित्र आहे, एवढाच फरक.

क्लीनर म्हणजे चांगलंच, असं ज्यांना वाटतं त्यांनी २९ जून २०२० ची केंद्र सरकारची यादी पाहावी. त्या दिवशी आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ अ‍ॅपवर बंदी आली. सगळ्यांना टिकटॉक तेवढं आठवतं. त्याच यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, व्हायरस क्लीनर, डीयू बॅटरी सेव्हर आणि एक कॅशे क्लीनरही होतं. फोन साफ करणारी, बॅटरी वाचवणारी म्हणून लोकांनी हौसेने घेतलेली हीच ती अ‍ॅप. ग्रुपवरच्या मेसेजला सायबर सेलचं नाव असतं, आधार कशाचाच नसतो. ही यादी सरकारने जाहीर केलेली आहे.

चुकून अशी फाईल टाकलीच असेल, तर आधी मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा. असं अ‍ॅप बरेचदा आपलं चिन्ह लपवतं, म्हणून सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या पूर्ण यादीत ते शोधा. "अनइन्स्टॉल" दाबता येत नसेल, तर सेटिंगमध्ये "डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स" शोधून तिथली त्याची खूण काढा, मग निघतं. तरीही हटलं नाही तर सेफ मोडमध्ये (ज्यात बाहेरून टाकलेलं काही चालत नाही) फोन चालू करून काढा. बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून कळवा आणि पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन लावा. उद्या तालुक्याला जाऊन पाहू म्हणू नका.

पाचवी सूचना वाचून संताप आला: "लोन अ‍ॅप काढून टाका, वसुली आपोआप थांबते." बियाण्या-खताच्या दिवसांत पाच-दहा हजारांसाठी अशा अ‍ॅपच्या नादी लागलेली पोरं प्रत्येक गावात आहेत. अ‍ॅप काढल्याने कर्ज फिटत नाही. यूपीआय ऑटोपे (हप्ता आपोआप कापायची परवानगी) मंजूर केलेलं असेल तर ते आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये किंवा बँकेत जाऊन रद्द करावं लागतं, नाहीतर हप्ता कापला जातोच. अ‍ॅपने तुमचे कॉन्टॅक्ट आधीच उचलले असतील, तर ते काढून ती यादी परत येत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत कर्जाच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट, कॉल लॉग आणि फोनमधल्या फाईली पाहायला मनाई केली आहे. जे अ‍ॅप हे मागतं, ते नियम मोडतं, आणि तक्रार करायला तेवढा पुरावा लागतो. म्हणून आधी कर्जाचा करार, भरलेले हप्ते, धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, अ‍ॅप मग काढा.

बाकीच्यांत फार दम नाही. "होम स्क्रीनवरून चिन्ह काढा" म्हणजे दारावरची पाटी काढण्यासारखं आहे, अ‍ॅप आत तसंच राहतं. "कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हमधले फोल्डर डिलीट करा" हे कोणी सेवा केंद्रातल्या मशीनवर करू नये. सॉफ्टवेअर अर्धवट निघतं आणि नंतर नीट काढताही येत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्सची यादी आहे, तिथून अनइन्स्टॉल करा. सरकारी अ‍ॅप "काम झालं की काढा" म्हणतात. सर्व्हरवर गेलेली नोंद राहते, हे खरं. पण वावरात रेंज नसताना भरलेली माहिती फोनमध्येच अडकून असेल, तर ती अ‍ॅपसोबत जाते. शिवाय २०२५-२६ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) हमीभावाने कापूस द्यायचा तर नोंदणी कपास किसान अ‍ॅपवर आहे. ते काढायची घाई कशाला?

एक गोष्ट मेसेजने बरोबर सांगितली आहे: नवीन फोनसोबत येणारी कितीतरी अ‍ॅप आपल्याला नको असतात, जागा खातात आणि निघत नाहीत. यावर भांडण झालेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने (त्यालाही सीसीआयच म्हणतात, आपल्या कापसाची सीसीआय वेगळी) गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला आणि आधीच भरलेली गुगलची अ‍ॅप काढायला आडकाठी करू नका, असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, हा आदेश मात्र रद्द केला. म्हणून अशा अ‍ॅपना "डिसेबल" हाच साधा मार्ग उरतो. गेम, खरेदीची, बातम्यांची खुशाल बंद करा. ज्याच्या नावात सिस्टीम किंवा सर्व्हिसेस आहे, त्याला हात लावू नका.

मोठ्या बाबांच्या फोनवर प्ले स्टोअरमधूनच, कमी वापराच्या क्रमाने यादी लावून, अकरा अ‍ॅप काढली. चार जीबी जागा झाली. ती एपीके फाईल डाउनलोडमधून आणि व्हॉट्सअ‍ॅपमधून दोन्हीकडून पुसली. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आम्ही दोघं वावरात गेलो, तुरीच्या ओळीत उभं राहून फोटो काढला, नोंद झाली.

गावच्या ग्रुपवर तो मेसेज फाईलसकट अजून आहे. ज्याने टाकला त्याला मी फोन केला, तो म्हणतो त्याच्याकडून आता सगळ्यांसाठी डिलीट होत नाही. अ‍ॅडमिनने प्रयत्न करून पाहावा. मेसेजवर बोट दाबून धरा, डिलीट निवडा. भाऊ, आज रात्रीच करा, ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं आहेत.