म्हापशाचा आयत

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याची केळी, हरमलची मिरची, चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा, सगळं मिनिटात सापडतं. सापडत नाही ती बाहेर लावलेली स्कूटर. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी ज्या कोपऱ्याला बाहेर पडतो, त्याच्या नेमक्या तिरप्या कोपऱ्यात ती असते. यात माझा दोष नाही, आयताचा आहे.

संशोधक केन चेंग यांनी 1986 मध्ये हे उंदरांवर दाखवलं. आयताकृती पेटीच्या एका कोपऱ्यात खाऊ पुरला. दिशा विसरायला लावून उंदीर सोडला की तो बरोबर कोपरा उकरी, आणि जवळपास तितक्याच वेळा तिरका समोरचाही. ‘डावीकडे लांब भिंत, उजवीकडे आखूड’ हा हिशेब दोन्ही कोपऱ्यांना लागतो ना! कोपऱ्यांतल्या वेगवेगळ्या खुणांना उंदराने भीकच घातली नाही.

लिंडा हर्मर आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी 1994 मध्ये दीड-दोन वर्षांच्या मुलांना छोट्या खोलीत गरगर फिरवलं. एक भिंत निळी असूनही पोरं तशीच चुकली. मोठ्यांनी मात्र निळी भिंत धरून बरोबर कोपरा गाठला. मोठ्यांनी मिशांना पीळ द्यायला हरकत नव्हती, पण 1999 च्या प्रयोगात त्यांना कानावर पडणारा मजकूर सतत पुटपुटायला लावला, आणि तीही पोरांच्या रांगेत जाऊन बसली.

आता बाजारात तोंड कधी रिकामं असतं? आत शिरतानाच केळ्यांची घासाघीस, पुढे ओळखीच्या काकी आणि त्यांच्या सुनेचा सविस्तर अहवाल. तेवढ्यात निळी भिंत गेली.

म्हणून स्कूटर लावली की आधी तोंड बंद. चार पावलं गेल्यावर मागे वळून पाहायचं, कारण परतताना दिसणारा देखावा वेगळाच असतो. मग स्वतःशीच पूर्ण वाक्य: ‘निळ्या शटरच्या डावीकडे.’ नुसतं ‘निळं शटर’ पुरत नाही, बाजू हवी. मिरचीवालीची खूण तर धरूच नये. माल संपला की ती पाटी उचलून घरी जाते. लांबची खूण उत्तम, आल्तिनोच्या टेकडीसारखी: आपण दहा पावलं सरकलो तरी तिची दिशा फारशी बदलत नाही.

आणि कुणाला विचारू नये. ‘हांगाच आसा,’ म्हणजे ‘इथेच आहे,’ असं उत्तर मिळतं, आणि हात मात्र दोन दिशांना जातात.