हिरवा दिवा लागलाय ना, मग झालं!

घरी नॅस (घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइली साठवणारं यंत्र) घेतलंत, अभिनंदन! बारशापासूनचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, आजीच्या आवाजातल्या ओव्या, सगळं एकदाचं त्यात ओतलंत. डिस्कवर पडल्यापडल्या फाइली गुपचूप सडतात, असं कुणी म्हणालं तरी त्यावरचा हिरवा दिवा दाखवायचा आणि पुढची दहा वर्षं तिकडे ढुंकूनही पाहायचं नाही. त्यासाठीच तर एवढे पैसे मोजले.

सुरुवात मिररिंगने करा आणि त्यालाच बॅकअप म्हणा. कुणी शंका काढलीच तर आवाज चढवून म्हणा. एका डिस्कवर जे घडतं ते त्याच क्षणी दुसरीवर घडतं, म्हणजे लग्नाचं फोल्डर चुकून उडवलंत तर तेही दोन्हीकडून एकदमच उडतं. शिवाय दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती, हे साध्या मिररला सांगता येत नाही. लोकशाही आहे, पण मतदार दोनच.

झेडएफएस नावाच्या फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, नादी लागू नका. सन मायक्रोसिस्टिम्सवाल्यांनी २००५ साली ती बाहेर काढली तीच मुळी डिस्कवर अविश्वास दाखवत. डेटाच्या प्रत्येक तुकड्याचा, म्हणजे ब्लॉकचा, चेकसम (त्यातल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वेगळा जपायचा, वाचताना पुन्हा ताडून पाहायचा, जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्ती करायची. घरच्या डिस्कवर इतका संशय बरा नव्हे. वाद घालायची वेळ आलीच तर २०२३ मध्ये खुद्द झेडएफएसमध्येच फाइलच्या मधल्या भागात शून्यं दिसण्याचा दोष सापडला होता, ते ऐकवा. दुरुस्ती थोड्याच दिवसांत आली, हे आपण कशाला सांगायचं?

स्क्रबिंग तर आधी बंद करा. महिन्यातून एकदा सगळा डेटा वाचून तपासायचा म्हणजे रात्रभर डिस्कची कुरकुर. न तपासण्याचा फायदा पुढे दिसतो. एक डिस्क मेली, नवी घातली, रिबिल्ड (उरलेल्या डिस्कवरून नवी भरणं) सुरू झालं की उरलेली डिस्क इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत वाचली जाते. खराब सेक्टर नेमका त्याच दिवशी भेटतो. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच बॅचच्या घेतल्या असतील तर रंगत आणखी वाढते. आणि दुकानदाराला डिस्क एसएमआर (डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवणारी, म्हणून पुन्हा लिहिताना मंद) की सीएमआर (पट्टे वेगवेगळे ठेवणारी), असलं काही विचारायचं नाही. वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठीच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर आहेत, हे गिऱ्हाइकांना २०२० मध्ये कळलं. तेही कंपनीने आपणहून नाही, रिबिल्ड रखडायला लागल्यावर. एवढा मोठा आदर्श समोर असताना आपण चौकशा करणारे कोण?

यूपीएस नको. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेवढीच नॅसला सुट्टी. यूपीएस आणलाच असेल तर त्याची यूएसबी केबल खोक्यातच राहू द्या. ती जोडली की वीज गेल्यावर नॅस सगळं मिटून व्यवस्थित बंद होतं, मग गंमत काय राहिली?

बॅकअपसाठी यूएसबी डिस्कवर आरसिंक (फक्त बदललेल्या फाइली उतरवून घेणारा प्रोग्राम) लावलंय म्हणता? उत्तम. फक्त त्याच्या सवयी नीट समजून घ्या. ते फाइलचा आकार आणि बदलाची तारीख बघतं, बस्स. डिस्कवर पडल्यापडल्या सडलेल्या फोटोचा आकारही तोच आणि तारीखही तीच, त्यामुळे आरसिंकच्या लेखी तो धडधाकट. म्हणजे चांगली प्रत यूएसबी डिस्कवर शाबूत असते, फक्त ते कुणालाच माहीत नसतं. ही धोक्याची अवस्था फार काळ राहू देऊ नका. नवी, मोठी बॅकअप डिस्क घ्या, नॅसवरून पहिल्यापासून सगळं तिच्यावर उतरवा आणि जुनी पुसून भाच्याला सिनेमे साठवायला देऊन टाका. सडका फोटो आता अधिकृत झाला. फाइलींचे एसएचए-२५६ हॅश (चेकसमसारखेच पडताळणीचे ठसे) काढून जपून ठेवणारे आणि जुन्या आवृत्त्या सांभाळणारे लोक या आनंदाला कायमचे मुकतात.

बॅकअपमधून एखादी फाइल परत आणून पाहण्याचा मोह टाळा. गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या साइटवर जानेवारी २०१७ मध्ये डेटाबेस उडाला, तेव्हा बॅकअपचे पाच मार्ग तयार होते आणि ऐनवेळी एकही धड चालला नाही. आधी कुणी तपासले असते तर बिचाऱ्यांची झोप तेव्हाच उडाली असती.

आणि घरातलं कुणी 'अहो, हा फोटो अर्धाच दिसतोय, खाली नुसता करडा पट्टा आहे' म्हणत आलं तर गडबडून जाऊ नका. त्यांचा फोन जुना झालाय असं सांगा. दिवाळीत नवा घेऊन द्या.