कासच्या पठारावर गुरं हवीत की जाळी?

पोवई नाक्यावरच्या कट्ट्यावर विषय निघाला कासच्या पठाराचा, आणि चहा येईपर्यंत दोन तट पडले.

"पठाराभोवतीची ती जाळीच बरी होती," सुभाषराव म्हणाले. "२०१२ ला जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं आणि लोक फुलांवर लोळून फोटो काढायला लागले."

"जाळीनं माणसं अडली, तशी गुरंही अडली की," प्रकाश म्हणाला. "तिथं सगळा जांभा. माती कुठं बोटभर, कुठं तेवढीही नाही. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, सगळी बुटकी झाडं. गवत माजलं की त्यांचं ऊन जातं. कास, एकीव, कासाणी, आटाळी या गावांची जनावरं ते गवत खाली ठेवत होती."

"मग शेणाचं काय?" शैलाताई वनस्पतिशास्त्र शिकवतात, त्यांनी लगेच धरलं. "त्या मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून दवबिंदू चिकट पानांवर किडे धरतो. सीतेच्या आसवांना तर खरी मुळंच नाहीत. ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव अडकतात, त्यावर ती जगतात. शेण साचलं तर नत्र वाढतं आणि जोमदार तण घुसतं. वायतुरा ही पाण्यात वाढणारी वनस्पती, तिच्या डबक्यात जनावरं बसली तर कंद खुरांखाली जातात."

"म्हणजे ताई, गुरं नकोतच?"

"हवीत, पण चरत पुढं जाणारी. डबक्यांपाशी बसवायची नाहीत, रात्री पठारावर बांधायची नाहीत. किती जनावरं, कुठल्या पट्ट्यात, हे गावानं आणि वन खात्यानं पावसाआधी बसून ठरवावं. नाहीतर गवत वाळून उभं राहतं आणि उन्हाळ्यात एका काडीनं वणवा. वणवा अडवणारे गवत जाळून मोकळे केलेले पट्टे, म्हणजे जाळरेषा, थंडीतच काढायला हव्यात, मार्चमध्ये काढून उपयोग नाही."

सुभाषराव मागे हटले नाहीत. "गुरांचं झालं. माणसांचं?"

इथं मात्र सगळ्यांचं जुळलं. बरीचशी झाडं एका पावसाची. सप्टेंबरात फूल तुडवलं तर बी पडत नाही, आणि पुढच्या वर्षी ती जागा मोकळी राहते. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते, तिची संधी हुकली की सात वर्षं गेली. ओल्या मातीवर पाय पडला की ती दबून घट्ट होते, पाणी मुरत नाही, वाहून जातं. फोटोसाठी दगड उचलून मनोरे रचणं त्याहून वाईट. त्या दगडाखालची ओल आणि तिथला विंचू, पाल, दोन्ही उघड्यावर येतात.

"दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे ना?"

"आहे, पण रविवारी दहा ते एकमध्येच निम्मे आले तर त्या मर्यादेला अर्थ काय?" प्रकाश म्हणाला. "तासाचा आकडा बांधा. गाड्या पठाराच्या अलीकडेच थांबवा. दर गटाबरोबर गावातला वाटाड्या सक्तीचा करा. सोनकी आणि कवला कुठला ते त्याला ठाऊक, आणि त्याची रोजीरोटी त्या फुलांवर, म्हणून तो कुणाला वाटेबाहेर जाऊ देणार नाही. फुलांचा उत्सव करायचा तर असा करा. स्टेज आणि भोंगे खाली साताऱ्यात ठेवा."

"वाटेला दोरी तरी लागेलच," सुभाषराव म्हणाले.

"लागेल. पण खांबांसाठी जांभा फोडू नका. खड्ड्यानं पाण्याची वाट बदलते आणि शेजारचं डबकं आटतं. सिमेंट भरलेल्या डब्यांत खांब उभे करा, वाटेवरच टेकवा आणि बी पडून गेल्यावर नोव्हेंबरात उचलून न्या."